स्टँडवरची सायकल, रोज दहा मिनिटं

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार. संध्याकाळ.

रोजनिशी सुरू. कंपनीनं दिलेली डायरी आहे, जानेवारी ते ऑक्टोबर कोरी गेली. हरकत नाही.

दिवाळीत गावी, अजिंठ्याला, सगळ्या भावकीसमोर मी जाहीर केलं की कडूबादादाला किडनी मी देणार. आवडावहिनीला शुगर आहे. दोन्ही पुतण्या सासरी, त्यांना विचारायचं नाही असं दादाच म्हणाला. आईला कुणी हात लावायचा नाही असं मी म्हणालो. उरलो मी. यावर कुणीच काही बोललं नाही. भारावले असावेत.

त्याप्रमाणे आज हॉस्पिटलला गेलो. दादा, वहिनी, आई आणि मी. रक्तगट जुळतो. वजन ९४.६. बीपी जास्त. ट्रान्सप्लांटचं सगळं काम विशाखा मॅडम बघतात. त्या म्हणाल्या, वजन ८४ च्या खाली आणा, बीपी उतरवा, मग पुढच्या तपासण्या. तारीख दिली ३ फेब्रुवारी. मी म्हणालो, तीन महिने कशाला, दीड पुरे. मॅडम फाईल बघत होत्या.

मला काय वाटलं? विशेष काही नाही. कँटीनचा वडा बरा होता.

५ नोव्हेंबर, बुधवार

वेळेचा तक्ता केला. उठणं, आवरणं, गारखेड्याहून चिकलठाण्याला जाणं, कंपनी, येणं, चहा, पेपर, मोबाईल (आवश्यक), जेवण, बातम्या, झोप. चोवीस तासांतून शिल्लक राहतात दहा मिनिटं. म्हणजे जिम बाद. मॉर्निंग वॉक बाद. सायकल जमेल. पण मूळ प्रश्न असा की दहा मिनिटांच्या सायकलनं काही होतं का? मी क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. तपासल्याशिवाय लाइन सुरू करत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

व्हिडिओ पाहिले. पाच. एकूण दोन तास दहा मिनिटं. तिघं म्हणतात दहा मिनिटं पुरतात, फक्त जोरात हवीत. दोघं म्हणतात काही उपयोग नाही. त्या दोघांचं सबस्क्रिप्शन काढलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दादा मंगळवार-शुक्रवार डायलिसिसला येतो. सकाळी अजिंठ्याहून एसटीनं, दुपारी हॉस्पिटल, मग आमच्याकडे दोन घास खाऊन परत एसटी. त्याला दिवसाला पाणी ठरवून दिलंय. रत्नमाला, म्हणजे आमची सौ., त्याला छोट्या वाटीत पाणी देते. तो ते चहासारखं हळूहळू पितो. मी त्याला दहा मिनिटांमागचं सायन्स समजावून सांगितलं. बराच वेळ सांगितलं. तो म्हणाला, बरं हाय की. मग एसटीची वेळ झाली.

९ नोव्हेंबर, रविवार

सायकल विकत घ्यायची गरज नाही. श्रेयाची आठवीतली सायकल पार्किंगमध्ये पडून आहे. जांभळी, पुढं बास्केट. आता ती अकरावीत, स्कुटीवर जाते. हवा भरली. किलोमीटर दाखवणारं मीटर हँडलला बसवलं. मॅट, हेडबँड, दोन बाटल्या, हातमोजे. तयारीतच दिवस गेला. तयारी म्हणजे निम्मं काम.

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६:१०.

सुरुवात केली. रस्त्यावर नाही गेलो. कुत्री, खड्डे, वॉटर टँकर. सायकल डबल स्टँडवर लावली, मागचं चाक अधांतरी. पार्किंगमधल्या पार्किंगमध्ये. ताशी ३८ चा स्पीड लागला. पहिल्याच दिवशी. दहा मिनिटांत साडेसहा किलोमीटर. घाम नाही आला. फिटनेस मुळातच चांगला असावा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज दादाबरोबर आईही आली. त्याला सोबत म्हणून. दादाला प्लास्टिकची खुर्ची पार्किंगमध्ये आणून दिली आणि त्याच्यासमोर संध्याकाळचं जादा सेशन केलं. त्याचा हुरूप वाढावा म्हणून. तो बघत बसला. पाचव्या मिनिटाला म्हणाला, "हळू चालव रं. घाई नाय."

किती समजूतदार माणूस आहे. सात मिनिटांवर थांबलो.

आईनं मागचं चाक वाकून पाहिलं आणि विचारलं की हे वरच फिरतंय, मग जातंय कुठं. तिला कॅलरी ही संकल्पना समजावणं अवघड आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

वजन ९४.९. वजनकाटा जुना आहे. आई आजही आली होती. गावात करमत नसावं. तिच्या कोपरापाशी कापूस चिकटवलेला दिसला. काहीतरी लागलं असेल. विचारेपर्यंत ती भाकरी थापायला बसली.

२३ नोव्हेंबर, रविवार

या आठवड्यात तीन दिवस खंड. मंगळवारी पाहुणे. गुरुवारी कंपनीत ऑडिट. शनिवारी पाय दुखत नव्हते, पण दुखतील असं वाटलं.

मात्र अभ्यास सुरू आहे. नवीन माहिती अशी की दहा मिनिटंही लागत नाहीत. सात पुरतात, मध्ये मध्ये वीस-वीस सेकंद जीव तोडून मारायची. हे मला जास्त पटलं. अकरा व्हिडिओ, तीन तास चाळीस मिनिटं.

३० नोव्हेंबर, रविवार

श्रेया खाली आली. म्हणाली, "पप्पा, चाक हवेत आहे. लोडच नाहीये. तुम्ही फक्त पाय फिरवताय." तिला सांगितलं की हालचाल ही हालचाल असते. तिनं मोबाईलवर काहीतरी काढून दाखवलं. मी चष्मा वर विसरलो होतो.

रात्रीच्या जेवणात रत्नमालानं माझ्या ताटात दोनच चपात्या वाढल्या. नंतर फरसाण खाल्लं, उभ्यानं.

५ डिसेंबर, शुक्रवार. सकाळ.

सेशन चालू असताना रत्नमाला खाली आली. हातात दादाच्या फाईलचे कागद, माझ्या सह्या हव्या होत्या. म्हणाली, नीट वाचून करा. मी टायमर दाखवला. वीस सेकंदांचा जोर चालू होता, तिथं थांबलं की सगळा परिणाम जातो. कागद बास्केटवर धरून चार ठिकाणी सह्या केल्या, पाय न थांबवता. एक सही जरा वाकडी आली. रत्नमालानं चारही सह्या तपासल्या. मग वर गेली.

९ डिसेंबर, मंगळवार

ऐतिहासिक दिवस. मीटरवर १०० किलोमीटर पूर्ण. गारखेड्याहून अजिंठा तेवढंच आहे. म्हणजे गणितानं आज मी घरी पोचलो, दादाच्या दारात. फोन करून सांगावं म्हटलं तर वहिनीनं उचलला. त्याला सकाळी दम लागला, ते एसटीऐवजी जीप करून निघालेत, फुलंब्रीच्या पुढं आहेत. मागून त्याचा श्वास ऐकू येत होता. मी किलोमीटरचं नाही सांगितलं. वेळ ती नव्हती.

वजन ९५.०.

१४ डिसेंबर, रविवार

झोप नीट लागत नाही. डाव्या कुशीवर झोपायची सवय आहे, पण हल्ली वळलं की जाग येते. किडनी डावी काढतात की उजवी हे विचारायचं राहिलं. सहज. माहिती असलेली बरी.

मला भीती वाटते असं नाही. भीती वाटायला आधी काहीतरी वाटावं लागतं. मला सध्या ऑफिसमधून घरी येईपर्यंत रस्ता कुठला होता तेही आठवत नाही.

२१ डिसेंबर, रविवार

कंपनीतल्या हनुमानचा सायकल ग्रुप दर रविवारी दौलताबादला जातो. श्रेयाचं तोंड बंद करण्यासाठी मीही गेलो. जांभळ्या सायकलवर. ग्रुपमधले लोक सभ्य आहेत, बास्केटबद्दल कुणी बोललं नाही.

खऱ्या रस्त्यावर सायकल फार वेगळी चालते. पाय थांबले की तीही थांबते. छावणीपर्यंत ठीक. पडेगावला छातीत धडधड, डोळ्यांपुढं काजवे. ग्रुप पुढं गेला. मी हॉटेलात बसलो. मिसळ, मग एक पाव, मग रिकव्हरीसाठी जिलबी. परत येताना सायकल टेम्पोत टाकली. टेम्पोवाल्यानं विचारलं, पोरीची काय. मी व्हय म्हणालो.

निष्कर्ष: रस्त्यावर वारा, चढ, धूळ असे अनेक घटक असतात. मोजमाप शुद्ध राहत नाही. स्टँडच योग्य.

२६ डिसेंबर, शुक्रवार

दादाला अॅडमिट केलंय. फुप्फुसात पाणी. डायलिसिस वाढवलं. मी काचेतून पाहिलं. नाकाला नळी, पाय सुजलेले. लहानपणी मेंढरांमागं अनवाणी फिरणारे तेच पाय. दादा चौथीतून सुटला आणि मेंढरांच्या वाड्यावर गेला, राखायला. दोघांतून एकाला जायला लागणारच होतं. मी तेव्हा पहिलीत होतो, त्यामुळं तो निर्णय माझा नव्हता.

आई बाकड्यावर बसली होती. ती कधी मेंढरं मोजत नाही. आमच्यात मोजायची पद्धत नाही, संध्याकाळी कळप आत येताना नुसतं बघायचं आणि कोण आलं नाही ते ओळखायचं. तशीच ती सगळ्यांकडे बघत होती. माझ्याकडे बघितलं तेव्हा मी फोन आल्यासारखं केलं आणि बाहेर गेलो. फोन आला नव्हता.

आज सायकल नाही. ताणात व्यायाम करू नये असं एका व्हिडिओत आहे.

२९ डिसेंबर, सोमवार

दादाला घरी सोडलं. हॉस्पिटलच्या दारात विशाखा मॅडम भेटल्या. मी आपणहून म्हणालो की माझं जोरात चालू आहे. त्या म्हणाल्या, छान, तब्येतीसाठी चांगलंच असतं. बाकी काही विचारलं नाही. माझ्यावर भरवसा दिसतो.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

नवीन डायरी. तेहतीस दिवसांत अकरा किलो. म्हणजे दिवसाला साधारण तीनशे ग्रॅम. शक्य आहे. नियम: साखर बंद. भात बंद. फरसाण बंद. सकाळी दहा, संध्याकाळी दहा मिनिटं. खंड नाही. वर चिकटवायला तक्ताही तयार केला, तीन रंगांत. त्यात सकाळ गेली. संध्याकाळी नवीन वर्षाचा केक आला होता. एक तारीख मोजत नाहीत.

५ जानेवारी, सोमवार

दहा मिनिटं.

६ जानेवारी, मंगळवार

सहा मिनिटं. थंडी.

७ जानेवारी, बुधवार

नवीन व्हिडिओ. चार मिनिटं पुरतात. परदेशातल्या कुठल्यातरी विद्यापीठाचं नाव होतं. मला आता असं वाटू लागलंय की मी सुरुवातीला उगाच जास्त करत होतो.

१० जानेवारी, शनिवार

सायकलवर बसलो. पाय मारले नाहीत. नुसता बसून राहिलो. वॉचमन मुंजाबा येऊन विचारून गेला, तब्येत बरी आहे ना. बरी आहे म्हणालो. दहा मिनिटं झाल्यावर टायमर वाजला. तक्त्यात हिरवी खूण केली, कारण वेळ तर दिला.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.

तिळगूळ. नाही म्हणणं अपमान होतो. शेजारच्या गीताबाईंकडे तीन, समोर दोन, घरी मोजले नाहीत. तीळ पौष्टिक असतात.

२० जानेवारी, मंगळवार

आई आता आमच्याकडेच राहायला आली आहे. हॉस्पिटल जवळ पडतं म्हणे. पहाटे उठून ती एकटीच गारखेड्याच्या स्टेडियमपर्यंत जाऊन येते, चपला हातात घेऊन. मी म्हणालो, अगं वय काय तुझं, थंडी काय. तिनं वय सांगितलं नाही. तिला ते नक्की माहीतही नाही, आधार कार्डावर त्रेसष्ट आहे. मी खाली स्टँडवर असताना ती गेटमधून आत आली आणि माझ्या चाकाला हातानं धरून थांबवलं. मी मारलेला सगळा जोर तिच्या तीन बोटांत अडकला. मग सोडून दिलं आणि वर गेली.



२ फेब्रुवारी, सोमवार

उद्या तपासणी. काल संध्याकाळपासून जेवलो नाही, फक्त दोन केळी आणि थोडा चिवडा. केस कापले. हलके कपडे काढून ठेवले. वजन जास्त आलंच तर मुद्दा तयार आहे: चरबीपेक्षा स्नायू जड असतो. मीटरवर आजवर एकूण १९२ किलोमीटर आहेत, त्याचा फोटो काढून ठेवला. आणखी एक महिना मागून घेईन. एका महिन्यात मी काय करू शकतो हे त्यांनी अजून पाहिलेलं नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी ४.

वजन ९५.२. पट्टा, घड्याळ, पाकीट, चष्मा काढून.

फोटो दाखवायला मोबाईल काढला तोवर विशाखा मॅडम म्हणाल्या, त्याची आता गरज नाही, फाईल पूर्ण झाली आहे, कमिटीची परवानगी आली, ऑपरेशन २४ तारखेला. मी विचारलं, कुणाची फाईल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चेष्टा करतोय की काय. मग फाईल उघडून समोर फिरवली. डोनर: लक्ष्मीबाई, पेशंटची आई. वजन ४४. बीपी ११८. सगळ्या तपासण्या बरोबर. पुढच्या पानावर जवळच्या नातेवाइकाची हरकत नसल्याचा कागद आणि खाली माझी सही. चार ठिकाणी. एक जरा वाकडी.

म्हणालो, हो हो, लक्षात आहे.

बाहेर आलो. रत्नमालाला विचारलं की मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला वाचा म्हणाले होते मी." आवाज चढवला नाही. त्यात रागही नव्हता. ती दादासाठी गरम पाणी आणायला गेली.

४ फेब्रुवारी, बुधवार

पूर्ण रजा टाकली. दिवसभर बसून होतो. वेळेचा तक्ता पुन्हा काढून पाहिला. आज चोवीस तास शिल्लक होते.

१५ फेब्रुवारी, रविवार

आईला म्हणालो, तू थांब, मी करतो काहीतरी, तारीख पुढं ढकलू. ती लसूण सोलत होती. म्हणाली, बस हितं. बसलो. सोलायला माझ्या पुढ्यात चार पाकळ्या टाकल्या. त्या सोलल्या. एवढंच.

२४ फेब्रुवारी, मंगळवार. हॉस्पिटल, वेटिंग हॉल.

सकाळी साडेसातला दोघांना आत नेलं. आधी आई, मग दादा. आता साडेतीन. आठ तास. दहा मिनिटांची अठ्ठेचाळीस सेशन. ती सगळी या एका खुर्चीत बसून गेली. व्हिडिओ एकही पाहिला नाही.

आत नेण्याआधी आईला हिरवा गाऊन घातला होता. त्यात ती फार लहान दिसत होती. स्ट्रेचरवर झोपून माझ्याशी बोलली. मी तिला विचारलं की हे तू कधी ठरवलंस. मला वाटत होतं डिसेंबरमध्ये, दादाला अॅडमिट केलं तेव्हा. किंवा माझं वजन उतरत नाही हे दिसलं तेव्हा.

आई म्हणाली, "तू मॅडमला दीड महिन्यात येतो म्हनलास ना, तवाच. तुझं तोंड पाह्यलं अन् आवडाला म्हनलं, ह्याच्यानं व्हायचं नाय, ह्यो लई भ्यालाय. त्याच दिशी रक्त देऊन आले मी. तू वडा खायला गेला व्हतास."

मग म्हणाली, "भ्यावं वाटलं तर भ्यावं मानसानं. तुझ्या दादाला सगळं ठाव हाय. त्यो काय म्हनत नाय तुला." आणि वॉर्डबॉयनं स्ट्रेचर ढकललं.

म्हणजे पहिल्याच दिवशी. सायकलला हवा भरायच्याही आधी. तीन महिने मला वाटत होतं की सगळं माझ्या वजनावर अडलंय, दादाचा जीव माझ्या दहा मिनिटांवर टांगलाय. काहीच अडलेलं नव्हतं. त्यांची फाईल पुढं सरकत होती, मी खाली पाय फिरवत होतो, आणि त्यांनी मला फिरवू दिले.

चारला सर्जन बाहेर आले. किडनी जोडली, लगेच काम सुरू झालं, लघवी झाली. आईही ठीक आहे. वहिनीनं हात जोडले आणि भिंतीला टेकून रडली. रत्नमाला रडली. श्रेया रडली. माझ्याकडे दोन कागद आले. एकावर डोनरशी नातं मुलगा, दुसऱ्यावर पेशंटशी नातं भाऊ. या वेळी वाचून सह्या केल्या.

आता खरं लिहितो, कारण इथं कुणी वाचणार नाही. मॅडमनी ती फाईल फिरवून आईचं नाव दाखवलं तेव्हा मला लाज नाही वाटली. धक्काही नाही बसला. बरं वाटलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ते हे. त्या रात्री डाव्या कुशीवर गाढ झोपलो होतो.

वहिनीनं पिशवीतून भाकरी काढली, अर्धी माझ्या हातावर ठेवली. खाल्ली. मग आणखी अर्धी मागून घेतली.